आमच्या प्लॉटवरचं नाटक

भाड्याच्या घरात आता राहायचं नाही, यावर आम्हा नवराबायकोचं एकमत होतं. नवं घर कुठे बांधायचं, यावर मात्र दोन वर्षं झालं नाही. मी पोस्टात, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत. दर रविवारी मोटरसायकलवर बसून आम्ही प्लॉट बघायला निघायचो. पाऊस असो नसो, तिच्या हातात लांब दांड्याची छत्री असायची.

चामोर्शीला दलाल हात पसरून बगीचा कुठे, बालवाडी कुठे ते दाखवत होता. तिने छत्रीचं टोक जमिनीत खुपसलं, तर छत्री अर्धी आत गेली. धानाची बांधीच होती ती, म्हणजे भातखाचर, वर मुरमाचा पातळ थर. उन्हाळ्यात जमीन घट्ट होते, असं सांगत दलालानेच छत्री उपसून दिली. नागभीडची जागा तिला पसंत पडली होती. पण समोरच्या टपरीवर चहा घेत असताना मालगाडी गेली आणि कपातला चहा बशीत आला.

शेवटी आम्ही राहत होतो त्या वडशाच्याच टोकाला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने पडीक रानाचे प्लॉट पाडले होते, ते बघितले. जमीन सपाट, कडक. छत्री बोटभरही आत जाईना. म्हातारा एवढंच म्हणाला, की थंडीत इथे जरा गर्दी राहते. आम्हाला वाटलं, गिऱ्हाइकांची. मिस्त्रीला दाखवून कळवतो, असं सांगून आम्ही परतलो.

पंधरा दिवसांनी दुपारी मिस्त्रीला घेऊन गेलो, सुतळी आणि चुन्याची पिशवीही घेतली होती. प्लॉट नव्हता. सगळं रान उतरतं खणलेलं होतं, मागच्या माणसालाही दिसावं म्हणून. भोवती टिनाचा घेरा, आणि उताराच्या तळाशी थंडीतल्या नाटकाचा रंगमंच. मी सांगितलं तशी मिस्त्रीने बांधावरच्या कडुनिंबापासून पावलं मोजली. रंगमंच बरोब्बर आमच्या प्लॉटवर होता आणि त्यावर घर उभं होतं: रंगवलेल्या कापडाच्या भिंती, खरा लाकडी दरवाजा, गजांची खिडकी.

"बाई," मिस्त्री हळूच म्हणाला, "तुमचं घर तं बांधून झालं."

मला वाटलं, ती चिडेल. तिने दारात चपला काढल्या आणि आत गेली.

नाटकातली मंडळी उन्हात पडली होती. आईचं काम करणारी बाई केस वाळवत बसली होती, ती उठून आली. माझ्या बायकोने तिला स्वयंपाकघर कुठल्या बाजूला येईल ते विचारलं. बाईने विचार केला.

"या घरात स्वयंपाकघर नाई. तीन अंकांत मी इथी कधीच जेवली नाई. पण खिडकी उत्तरेले ठेवू नका. मले रोज तिथी उभं राहून रडा लागते, वारा सरळ कानात येते."

बायकोने मान डोलावली. मग दरवाजा पूर्वेला कसा वाटेल, असं ती म्हणाली. रंगमंच लावणारे दोघे लगेच उठले आणि त्यांनी चौकट उचलून पूर्वेला लावली. मिस्त्री मापं घेऊन कागदावर उतरवू लागला. तुळशीवृंदावन रंगवलेली एक भिंत मीही धरून उभा होतो, कारण ती अजून थोडी डावीकडे हवी होती. तासाभरात आमचा नकाशा ठरला.

तेवढ्यात नाटक ठेवणाऱ्या मंडळाचे सचिव आले. दरवाजा कोणी हलवला, हिरो आता येणार कुठून, असं त्यांनी विचारलं. मीच हलवला, इथे माझं घर होणार आहे, असं बायकोने सांगितलं. सचिवांनी तिच्याकडे बघितलं, मग त्या दरवाजाकडे.

"आजचा प्रयोग होईपर्यंत तरी होता तिथे राहू द्या," ते म्हणाले.

निरोप गेला तसा म्हातारा सायकलवर आला. नाटक इथे त्याच्या बापाच्या वेळेपासून होतं. प्लॉट सगळे विकून टाकीन, पण नाटकाला नाही म्हणणं जमणार नाही, असं त्याचं म्हणणं. बायकोने विचारलं, "भाऊ, सगळेच प्लॉट विकल्यावर नाटक कुठी होईल?" त्याने हे बहुधा पहिल्यांदाच ऐकलं. त्याने सायकल कडेला लावली. मग म्हणाला, "तवाचं तवा पाहू."

आम्ही तो प्लॉट घेतला नाही, त्याच्या मागचा घेतला. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. तिला जमीन आवडली होती, एवढं खरं. आणखी दोन वर्षं मी तिच्याशी भांडू शकलो असतो, पण मी स्वतः ती भिंत धरून उभा राहिलो होतो.

घर होऊन दोन थंड्या गेल्या. नाटक आम्हाला मागून दिसतं. समोर टाहो फोडून पडद्यामागे आलेले नट आमच्या कुंपणाला टेकून चहा पितात, आणि मग परत रडायला जातात.