उत्तर न मिळालेल्या चार ओळी

चिकगु इसोबेलच्या, म्हणजे इसोबेलबाईंच्या, तिसरीच्या वर्गात गुरुवारी शेवटच्या तासाला दप्तरं भिंतीकडे सरकवली जात आणि मुलं गोल करून बसत. हा चार ओळींचा तास. वेळापत्रकात त्याचं नाव काहीतरी भारदस्त होतं, विविधता आणि सौहार्द असं काहीसं, पण मुलांना ते नाव ठाऊकच नव्हतं. ज्याची पाळी असेल त्यानं घरून चार ओळी आणायच्या, त्याही घरच्या भाषेत, घरच्या चालीत. पहिल्या दोन ओळींत झाड, पक्षी, पाऊस, काय असेल ते. खरं म्हणणं शेवटच्या दोन ओळींत. ओळी म्हणून झाल्या की अर्थ सांगायचा, आणि ज्याला उद्देशून त्या म्हटल्या त्यानं उत्तर द्यायचं. उत्तर आपल्या भाषेत दिलं तरी चालेल, तुटकं दिलं तरी चालेल. पण कुणाच्याही ओळी उत्तराशिवाय राहता कामा नयेत, हा नियम इसोबेलनंच केला होता.

मलेशियातल्या मलाक्काच्या त्या शाळेत मुलंही नाना तऱ्हांची, भाताच्या थाळीतल्या कोशिंबिरींसारखी. हफीझी मलय, मीनाची नावाची मुलगी जुन्या तमिळ वंशाच्या चिट्टी घरातली, दोघं-तिघं ‘बाबा’ म्हणवणाऱ्या जुन्या मिश्र चिनी घरांतले, उरलेले हक्का आणि होक्किएन या चिनी बोली बोलणारे. मीनाचीनं एकदा आजीकडून आणलेल्या ओळी हफीझीला म्हणून दाखवल्या. अर्थ असा, की भोपळा वेलावर शोभतो, तोंडावर नाही. हफीझी उडी मारून उठला आणि मलयमध्ये त्यानं असं काही उत्तर दिलं की बाजूच्या वर्गातल्या चिकगु झाविया दार ढकलून आत आल्या.

"अगं, इथं शिकवणं चाललंय की लग्नाची बोलणी?"

"दोन्ही," इसोबेल म्हणाली, आणि वर्ग खिदळला.

मधल्या सुट्टीत कँटीनमध्ये झावियांनी नेहमीचा विषय काढला. "सगळ्यांची गाणी वर्गात आणतेस. तुमच्या क्रिस्तांग लोकांचं काय गं? पाहुणे आले की लाल-हिरवे घागरे घालून नाचता नुसते. एखादं गाणं तूही दे की."

"मला कुठे येतं? आमच्या घरी इंग्रजीच," इसोबेल म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलं होतं की म्हणताना आता जीभ अडखळतसुद्धा नसे.

खरं तर तिचे वडील अजूनही समुद्राकाठच्या क्रिस्तांग, म्हणजे जुन्या पोर्तुगीज वंशाच्या लोकांच्या, वस्तीत राहत होते आणि इंग्रजी बोलताना घाम पुसत. कंबरभर पाण्यात दोन बांबूंचं जाळं रेटत जवळा धरण्यात त्यांचा जन्म गेला होता. इसोबेल लहान असताना दारापुढे चटयांवर जवळा वाळत असे आणि तो वास तिच्या केसांत बसे. शाळेत मुली नाक धरत, "आली जवळेवाली" म्हणत. ती लिंबू चोळून केस धुवायची. तोंड उघडलं की वस्तीची बोली बाहेर पडेल या धास्तीनं ती वर्गात गप्प बसायची. पुढे ती शिकली, मास्तरीण झाली, शहराच्या दुसऱ्या टोकाला विन्सेंट गोहशी संसार थाटला. मुलगी झाली तेव्हा तिनं मनाशी पक्कं केलं, की हिच्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही. घरात मलय आणि इंग्रजी. बस्स.

ती मुलगी, क्लारिस, यंदा आईच्याच वर्गात आली. शाळेत आईला चिकगु म्हणायचं, घरी मम्मी, एवढं ठरलेलं. तिची पाळी आली त्या गुरुवारी इसोबेलनं आदल्या दिवशी विचारलं होतं, "बाबांकडून होक्किएनमधलं काही घेतलंस का?"

"घेतलंय एक," क्लारिस म्हणाली. कुणाकडून ते बोलली नाही. विन्सेंट सिंगापूरहून उशिरा येई, म्हणून इसोबेल तिला शनिवार-रविवारी आपल्या वडिलांकडे ठेवत असे. तिथं काय चालतं हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

क्लारिस गोलाच्या मधोमध उभी राहिली आणि सरळ आईकडे बघून गायला लागली. पहिल्याच शब्दाला इसोबेलच्या हातातला खडू थांबला. ती वस्तीची बोली होती. चालही तीच, लग्नघरी बायका-पुरुष समोरासमोर उभे राहून गातात ती.

*जवळा वाळे अंगणात, वारा नेई वास,*
*होडी बांधून खुंटाला आवो आला दारी;*
*ताप आला की, माइ, मला गातेस सावकाश,*
*बरी झाले की ठेवतेस का उंबऱ्याच्या बाहेरी?*

आवो म्हणजे आजोबा आणि माइ म्हणजे आई, एवढं वर्गात फक्त दोघींनाच माहीत होतं. क्लारिसला दर पावसाळ्यात ताप यायचा. ओल्या फडक्याच्या घड्या तिच्या कपाळावर ठेवत इसोबेल रात्र काढायची, आणि पोर झोपली असं समजून ओठातल्या ओठात आपल्या आईची गाणी म्हणायची. पोर झोपलेली नसायची तर.

वर्ग वाट बघत होता. दाराशी झाविया केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे.

"छान," इसोबेल म्हणाली. "पुढे कोण?"

"चिकगु, उत्तर!" हफीझी ओरडला. "तुमच्याकडे बघून म्हणाली ती! नियम आहे ना!"

"अरे, पण मला कळलंच नाही तर उत्तर काय देणार? ही भाषा मला येत नाही."

क्लारिस तिच्याकडे बघत राहिली. अर्थ सांग म्हणून कुणीतरी ओरडलं, तिनं नाही म्हणून मान हलवली. "बस आता, क्लारिस," असं दोनदा सांगावं लागलं. तरी ती बसली नाही. खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि घंटा होईपर्यंत उभीच होती.

गाडीत इसोबेल म्हणाली, "सगळ्यांसमोर हट्टीपणा करायचा नसतो."

"मी हट्ट नाही केला."

"मग बसली का नाहीस?"

क्लारिसनं दप्तर पोटाशी धरलं. "तुला येतं."

"मला थोडंसं..."

"तू खोटं बोललीस, चिकगु." घरी जाताना ती कधी चिकगु म्हणत नसे.

पुढच्या गुरुवारी मीनाचीची पाळी होती. तिनं मलय पुस्तकातल्या चार ओळी धडाधडा म्हणून टाकल्या.

"आजीच्या नाही आणल्या?" इसोबेलनं विचारलं.

मीनाचीनं वेणीचं टोक चावलं. "चिकगु, तुम्हाला कळल्या नाहीत तर उत्तर नाही ना मिळत. क्लारिसला कुठे मिळालं?"

तिच्यामागून आलेला बाबा घरातला मुलगाही मलयच म्हणाला. त्याच्यामागचाही. सगळ्यांच्या ओळी व्यवस्थित होत्या, सगळ्यांना कळत होत्या, आणि तास असा संपला की कुणी हसलंसुद्धा नाही. क्लारिस पुन्हा खिडकीशी उभी. इसोबेलचा तोल गेला. "पुरे झाली नाटकं! उभंच राहायचं तर बाहेर जाऊन राहा." क्लारिस शांतपणे बाहेर गेली आणि दाराशेजारी भिंतीला टेकून उभी राहिली. झाविया जाताजाता तिच्या डोक्यावर हात ठेवून गेल्या, ते इसोबेलला काचेतून दिसलं.

त्या रात्री ती जेवली नाही. वर्षभर जपलेला तास आपण दोन गुरुवारांत मारला, हे तिला कळत होतं. पोरांना आपण सांगितलं होतं की कुठलीही भाषा चालेल. आणि आपल्याच भाषेची पाळी आली तेव्हा? तिला राहून राहून मीनाचीची वेणी आठवत होती.

शनिवारी क्लारिसला सोडायला ती वडिलांकडे गेली आणि या खेपेला गाडीतून उतरली. चटईवर जवळा पसरला होता. पोर तडक समुद्राकडे पळाली. तिचे वडील, आन्सेल्म थेसेरा, उकिडवे बसून जवळ्यातला कचरा निवडत होते.

"आज उतरलीस? गाडीला वास लागेल हो," ते म्हणाले.

"पाइ, तिला तुम्ही काय शिकवलंत?"

"मागितलं तिनं. आईला विचारायचंय म्हणाली. मी म्हटलं, भांडून विचारू नये, गाऊन विचारावं. शेवटच्या दोन ओळी तिच्याच हां, मी फक्त होडी बांधून दिली." ते हसले, मग त्यांनी वर बघितलं. "उत्तर काय दिलंस?"

इसोबेलनं समुद्राकडे, पोरीकडे बघितलं.

"म्हणजे पोर अजून उभीच आहे?"

तेव्हा कुठे तिला आठवलं. लग्नघरी ज्यानं ओळी टाकल्या तो उत्तर येईपर्यंत बसत नाही, आणि दुसरं गाणंही म्हणत नाही. तिची आई एकदा एका अबोल मेहुण्यासाठी अशीच ताटकळत उभी होती. पाहुणे जेवून उठले तरी उभी, आणि सगळा मांडव त्या मेहुण्याकडे बघत होता. क्लारिस रुसली नव्हती. ती रीत पाळत होती. आणि त्याबद्दल आपण तिला वर्गाबाहेर काढलं.

"तुम्हीच द्या ना एखादं उत्तर करून," इसोबेल हळूच म्हणाली. "मला शब्द सुचत नाहीत आता."

"मी? मला विचारलंय का कुणी?" आन्सेल्मनी चटईचं टोक सरळ केलं. "चूक माझीही आहे. तू शाळेतून रडत यायचीस तेव्हा मीच म्हणालो होतो, बाहेर आपलं बोलू नकोस, बाळे. म्हटलं, चार दिवस गप्प राहील, मग बोलेल."

इसोबेल त्यांच्या शेजारी बसली आणि जवळा निवडू लागली. काटक्या, शेवाळ, बारके खेकडे. हात विसरले नव्हते. शब्द मात्र एकेक करून मागावे लागले. चिखलात पाय रुतणं याला काय म्हणतो आपण? आणि खोटी? आन्सेल्म शब्द सांगत, ओळ सांगत नसत.

गुरुवारी दप्तरं भिंतीकडे गेली. क्लारिस न सांगताच खिडकीशी जाऊन उभी राहिली. इसोबेल खुर्चीवर बसली नाही, गोलाच्या मधोमध आली. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. तिनं शेजारच्या वर्गातून झावियांनाही बोलावून घेतलं होतं, कारण खोटं त्यांच्यासमोरही बोललं गेलं होतं.

"माझ्याकडे एक उत्तर राहिलंय," ती म्हणाली, आणि गायली. आवाज पहिल्या ओळीत फाटला, दुसरीत चाल सुटली.

*जाळं रेटता चिखलातून पाय रुतती खोल,*
*काठावरल्या मुलींनी नाक धरलं बोटी;*
*कळला होता मला, बाळे, तुझा एकेक बोल,*
*कळला नाही म्हणाले ती मीच होते खोटी.*

मग तिनं अर्थ सांगितला, क्लारिसच्या ओळींचा आणि आपल्याही. सगळा सांगितला, तापाचासुद्धा. झावियांची नजर इसोबेलला जाणवत राहिली.

"चिकगु," हफीझीनं विचारलं, "जवळ्याचा खरंच एवढा वास येतो?"

"येतो. केसांतसुद्धा बसतो."

"आमच्या घरी आई मिरचीत वाटते तो. मग तर बाबा दोनदा भात घेतात." त्यानं आजूबाजूला बघितलं. "त्यात नाक काय धरायचंय?"

हसू फुटलं. क्लारिस हसली नाही. तिनं आईला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, आवो मासळी घेताना न्याहाळतो तसं.

"दुसऱ्या ओळीत चाल चुकलीस," ती म्हणाली, आणि खाली बसली.

मीनाचीचा हात वर गेला. तिला आजीच्या ओळी म्हणायच्या होत्या, आज पाळी नसली तरी.

संध्याकाळी गाडीत क्लारिसनं खिडकीबाहेर बघतच विचारलं, "आता ताप नसतानाही म्हणशील?"

"म्हणेन," इसोबेल म्हणाली. आणि मनातल्या मनात ती मोजायला लागली, आईची किती गाणी अजून पूर्ण येतात. चौथ्या गाण्याला तिसरी ओळ सापडेना. सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न वाजले, तरी ती ओळ शोधत होती. मग तिनं गाडी घराकडे न वळवता समुद्राच्या रस्त्याला लावली. पाइंना उजेड असेतोवर गाठायला हवं होतं.