सायकलीची खबर

माणसाला दमवण्यात आमच्या दाजींचा हात धरणारा कृष्णेच्या दोन्ही काठांवर सापडला नसता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सांगलीत हळदीच्या एका पेढीवर दिवाणजी होते आणि राहायला हरिपुरात. स्वभावानं गरीब, आवाज कधी चढायचा नाही, पण एखादी वस्तू घ्यायची म्हटली की समोरच्याच्या तोंडाला फेस येईपर्यंत तिची चौकशी करायचे. एकदा छत्री घ्यायला मला बरोबर घेऊन गेले. दिवेलागणीला दुकानदारानं हात जोडले आणि दुकान बंद करायला लागला. आम्ही छत्री न घेता भिजत घरी आलो, तरी दाजी प्रसन्न होते. "घाई केली नाही हे बरं झालं," म्हणाले.

अशा माणसावर चाळिशी उलटल्यावर सायकल घ्यायची वेळ आली. गुडघा धरला होता. हरिपूर ते सांगली ही रोजची पायपीट होईना, आणि उशीर झाला की पेढीचे मालक भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. ते बघणं दाजींना शिवीपेक्षा लागायचं. नोकरी जाते की काय म्हणून बहिणीला झोप नव्हती, आणि दाजी मात्र एकाच प्रश्नापाशी अडून बसले होते : नवशिक्यानं सायकलीला किती पैसे घालावेत? महाग घ्यावी तर शिकताना आपण तिला आपटणार. स्वस्त घ्यावी तर ती आपल्याला आपटणार. आधी ताशी भाड्यानं आणून शिका म्हटलं, तर म्हणाले, "भाड्याची सायकल म्हणजे टांग्याचं घोडं. दहाजणांच्या हाताखाली जाऊन चाल बिघडलेली असते. मग आपण शिकणार ती बिघडलेली चालच."

मी तेव्हा साताऱ्याला शाळेत मास्तर होतो. सांगलीतले सगळे सायकलवाले दाजींना ओळखायला लागले, तेव्हा दर सुट्टीला ते सर्व्हिस मोटारीनं साताऱ्यात हजर व्हायला लागले. मग राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत आमची वरात. दाजी चाक फिरवून बघत, सीट दाबत, घंटी कानाशी नेऊन ऐकत आणि शांतपणे विचारत, "समजा, मला नाहीच जमली, तर?" एका दुकानात पंक्चर काढायला आलेले एक पेन्शनर हवालदार हे सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "आवं, पडायचंच हाय तर स्वस्तातनं पडा की." दाजींनी ते मनावर घेतलं आणि आम्ही जुन्या सायकली बघायला लागलो. तेवढ्यात लढाई पेटली. विलायती माल यायचा बंद झाला, टायर मिळेनात, जुन्या सायकलींचेही भाव चढत गेले. "आता तर अजिबात घाई करायची नाही," दाजी म्हणाले. मला भर बाजारात खाली बसावंसं वाटलं.

शेवटी त्या हवालदारांनीच एक पत्ता दिला. साताऱ्याजवळच्या एका गावात एक म्हातारा शेतकरी पलटणीत गेलेल्या मुलाची सायकल विकणार होता. दाजींच्या गुडघ्यामुळे वाटेत बसत बसत आम्ही तिथं पोचलो. सायकल गोठ्यात पोत्यांखाली झाकलेली होती. दाजींनी नेहमीसारखं चाक फिरवलं, घंटी वाजवली. घंटी वाजली तशी म्हाताऱ्याची मान एकदम दाराकडे वळली. दाजींनी ते पाहिलं.

"विकताय कशाला?" त्यांनी विचारलं.

"पोराचं पत्र न्हाई लय दिस. ही दिसली की जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई," म्हातारा म्हणाला. "किती देतासा, बोला."

जन्मभर भाव करत आलेल्या दाजींनी घंटीवरचा हात काढला. मग म्हणाले, "मी विकत घेत नाही. तुमचा मुलगा येईपर्यंत सांभाळतो. आला की त्याची त्याला."

"आन भाडं?"

"ते तुम्ही सांगा."

म्हाताऱ्यानं बराच विचार केला. "म्हैन्याला एकदा या," तो म्हणाला, "आन तिची खबर सांगत जावा. दुसरं काय नगं मला."

मोटारीच्या टपावर बांधून सायकल सांगलीला गेली. दाजी शिकले, पण पडायची वेळ आली की स्वतः खाली जायचे आणि तिला अंगावर घ्यायचे. तिला ओरखडा नको. बहीण त्यांना हळद लावून थकली; पेढीच्या कृपेनं हळदीला तोटा नव्हता एवढंच. नोकरी टिकली. आणि महिन्यातून एकदा, न चुकता, दाजी मला घेऊन त्या गावी. ओट्यावर बसून खबर सांगायचे. चेनला तेल दिलं, ब्रेक घट्ट केला, परवा बाजारात गुळाच्या गाड्यांमागे अडकली पण कुरकुरली नाही. सासरी दिलेल्या लेकीची हकिगत सांगावी तसं. "त्यो चढालाबी उतरायचा न्हाई," म्हातारा मध्येच म्हणायचा. मुलाच्या पत्राविषयी सरळ बोलायची हिंमत दोघांतही नव्हती. मी भिंतीला टेकून जांभया देत परतीच्या वाटेचा विचार करायचो.

लढाई संपली आणि मुलगा धडधाकट परत आला. दाजी सायकल लखलखीत पुसून घेऊन गेले. मुलगा चांगला होता, दाजींच्या पाया पडला. मग सायकलीकडे बघून हसला. "ठेवा की तुमालाच, दिवाणजी. मी पलटणीत टरक शिकलो. पुण्याच्या मालकाकडं लागतोय आता. पायडल कोण मारत बसतंय?"

सायकल पुन्हा टपावर चढली. "फुकट मिळाली की, दाजी," मी म्हणालो. ते खिडकीबाहेर बघत होते. "दुसऱ्याची होती तोवर बरी वाटायची," एवढंच बोलले.

पुढच्या महिन्यात, चला, सुटलो, असं मी म्हणतोय तोवर सकाळच्या मोटारीनं दाजी दारात. मी चपला घातल्या. म्हातारा ओट्यावर एकटाच होता. मुलगा ट्रक घेऊन कुठल्या मुलखात होता, हे म्हाताऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

"आता कशापायी आलासा?" त्यानं विचारलं. "गाडी तर तुमचीच झाली."

दाजी हातानं गुडघा सावरत ओट्याच्या कडेला टेकले. "मागच्या चाकाला जरा आवाज यायला लागलाय," ते म्हणाले.

म्हाताऱ्यानं थोडं सरकून मलाही जागा करून दिली. "सांगा," तो म्हणाला.