मोहन, तिसरी फौज तुझीच होती

शरदच्या फौजा ज्याने वितळवल्या, त्यानेच आज सकाळी त्याला "माझा जिवलग" म्हणून श्रद्धांजली वाहिली आहे.

फोटो टाकलाय. हात जोडलेत. खाली लाइक्स पडताहेत.

मोहन, इतकी वर्षं मी गप्प होतो. आज नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शरद गजभिये काल संध्याकाळी धंतोलीच्या हॉस्पिटलमध्ये गेला. हार्ट.

तो, मी आणि मोहन कोराडीच्या कॉलनीत एकाच बिल्डिंगमध्ये वाढलो. तिघांचेही वडील पॉवर स्टेशनला.

आणीबाणी नुकतीच उठली होती. आम्ही नववीत. कामठीच्या एका रद्दीवाल्याकडे शरदला जुनं इंग्रजी मासिक सापडलं. त्यात टाय लावलेले मोठमोठे लोक टेबलावर बोटाएवढे सैनिक मांडून, फासे टाकून लढाई खेळत होते. सैनिक त्यांनी स्वतः रंगवलेले. कोटाची बटणंसुद्धा.

शरद वेडा झाला.

कन्हान नदीवरच्या ढिवरांकडून मासे धरायच्या जाळ्याचं जुनं शिसं आणलं. प्लास्टर ऑफ पॅरिसचे साचे केले. रंग मिळाले तीनच. लाल, पिवळा आणि राखाडी.

मग प्रश्न आला, फौजा किती करायच्या?

मी म्हटलं, पाच. शरद हसला.

"पाच बनवशील गा, पण रंगवशील किती? अर्धी रंगवलेली फौज म्हंजे कबाड. दोनच करू. एक तुही, एक माही."

"अन माही?" मोहनने विचारलं.

"तू रंगवाले बसतच नाही. दहा मिनिटात उठून पळतं. तू पंच हो ना."

मोहन चहा पिऊन निघून गेला.

वर्षभर आम्ही रंगवत बसलो. माझे सैनिक राखाडी, त्याचे लाल. माझ्या सैनिकांना डोळे जमायचे नाहीत, तेही शरदच काढायचा. श्वास रोखून. एकेका सैनिकाला वेगळी मिशी. कॉलनीतले पोट्टे दारात उभे राहून बघायचे.

दिवाळीच्या सुट्टीत कॉलनीच्या हॉलमध्ये लढाई ठरली. दोन्ही फौजा एका पत्र्याच्या पेटीत, माझ्या घरी.

आदल्या दिवशी मी घरी नव्हतो. मोहन आला आणि माझ्या आईला म्हणाला, "काकू, शरदनं पेटी मांगवली."

आईने दिली. का नाही देणार? घरचाच पोरगा.

संध्याकाळी शरदच्या दारात शिशाचा एक गोळा पडला होता. त्यावर जळक्या रंगाचे ओघळ. एका बाजूने एका सैनिकाचं अर्धं डोकं बाहेर आलेलं. मिशीसकट.

आम्ही मोहनच्या घरी गेलो. सिगडी अजून गरम होती, घरभर वास.

"काहून केलं बे असं?" मी ओरडलो.

मोहन म्हणाला, "तुमाले दोनच पायजे होत्या ना? आता एक बी नाही."

मी त्याच्या अंगावर धावलो. शरदने माझा हात धरला आणि मला ओढत आपल्या घरी आणलं. गोळा मांडीवर घेऊन बसला. रडला नाही.

मग म्हणाला, "आता तीन करू."

"तीन कशाले?"

"एक तुही, एक माही, एक त्याची. त्याले पायजे होती ना?"

पुढचं वर्षभर शरद मोहनशी नीट बोलला. त्याला गणित शिकवलं. त्याच्यासोबत क्रिकेट खेळला. मोहनला वाटलं, हा विसरला.

तो विसरला नव्हता. दार लावून रंगवत होता.

पुढच्या हिवाळ्यात कॉलनीच्या गॅदरिंगला शरदने टेबलावर तीन फौजा मांडल्या. लाल आणि राखाडी समोरासमोर. आणि मधून, दोघांकडे पाठ करून, तिसरी फौज पळत होती. सगळीच्या सगळी. हत्यारं टाकून, हात वर करून.

तिसऱ्या फौजेतल्या प्रत्येकाचा भांग मधोमध. प्रत्येकाच्या अंगात पिवळा स्वेटर, त्यावर लाल पट्टे.

तो स्वेटर सगळी कॉलनी ओळखत होती. मोहनच्या मावशीने विणलेला. त्या दिवशीही त्याच्या अंगात तोच होता.

एक लहान पोरगी टेबलाशी वाकली आणि जोरात म्हणाली, "हा तं मोहनदादा वं आई! हा बी मोहनदादा!"

हॉल हसायला लागला. मोहन पुढे आला, टेबल उलटवायला हात उचलला.

शरद शांतपणे म्हणाला, "तुहीच फौज आहे गा. डोळे बी मीच काढले. घरी ने."

मोहनने सगळ्यांकडे पाहिलं.

आणि पळाला.

बारावी होईपर्यंत कॉलनीत त्याला कोणी मोहन म्हटलं नाही. पळपुट्या म्हणायचे. तो स्वेटर पुन्हा कधी दिसला नाही. मला त्याची दया तेव्हाही आली नाही, आजही येत नाही.

शरद पुढे पॉवर स्टेशनलाच लागला, रिटायर झाला. मुलगी बाहेरगावाहून छान छान ब्रश पाठवायची. पण चौथी फौज त्याने कधी केली नाही.

परवा हॉस्पिटलमध्ये मी त्याला सांगितलं, "मोहनचा फोन आलता. भेटाले येतो म्हणते."

त्याने तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"माफी मांगाले येऊन राहिला का?"

"नाही. असाच. भेटाले."

"मंग नको."

हे त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

मोहन, तुझ्या पोस्टमधला "जिवलग" शब्द आत्ताच्या आत्ता काढ.

अंत्ययात्रा उद्या सकाळी, कॉलनीच्या गेटपासून. सगळे या.

तू येऊ नको.

शरद, मोठे शब्द मला जमत नाहीत. एवढंच सांगतो, मीही त्याला माफ केलेलं नाही.

जय भीम, मित्रा.