एल्सीबाईंचं स्वयंपाकघर

"पुरावा काय?" असं म्हणून ते चष्मा कपाळावर सरकवायचे आणि आपल्याकडे बघत राहायचे. आज गुरुवार आहे म्हटलं तरी पुरावा मागतील, असा माणूस. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती जवळ आली की आपण फोन काढून त्यात बघायला लागतो.

सिडनीतल्या आमच्या हौशी मराठी नाटकमंडळाचे ते नेपथ्यकार. पुण्यात ड्राफ्ट्समन होते, इथे हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाइकांना रंग कालवून द्यायचे. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, हॅरिस पार्कच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटे. आम्ही त्यांना काका म्हणायचो, आणि पाठ वळली की 'पंचनामा'.

त्या वर्षीचं नाटक आमच्यातल्याच एकाने लिहिलेलं. सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेत, आयोवातल्या एका लहान गावात शिकायला गेलेला मराठी मुलगा, आणि त्याच्या घरमालकिणीचं स्वयंपाकघर. दिग्दर्शन माझं. मला एक टेबल, एक खिडकी आणि एक दार हवं होतं. काकांना अख्खं गाव हवं होतं. त्यांनी तिथल्या लायब्ररीला मेल टाकले, जुने नकाशे मागवले, रेल्वे कुठून जायची आणि वारा कुठून यायचा तेही शोधून काढलं. त्या काळच्या तिथल्या स्वयंपाकघराचा आतला फोटो मात्र मिळेना. माझ्या गिरावीनच्या घराच्या गॅरेजात प्लायवूड दीड महिना तसंच पडून.

"काका, कुठलाही रंग द्या हो. इथल्या ऑडियन्सला काय कळणार आहे?"

"मला कळणार ना," ते म्हणाले. "पुरावा मिळू दे, दोन दिवसांत उभं करतो."

माझं डोकंच फिरलं. मी एक नवा मेल आयडी काढला आणि एल्सी नावाची ब्याऐंशी वर्षांची बाई झाले. काकांना लिहिलं: लायब्ररीतून तुमच्याबद्दल कळलं, मी त्याच गावात वाढले, हवं ते विचारा.

त्यांनी एकवीस प्रश्न पाठवले. मी ऑफिसात बसून उत्तरं लिहिली. आयोवा मी कधी पाहिलेलं नाही, मग दिलं नाशिकच्या मावशीचं स्वयंपाकघर ठोकून. भिंती फिक्या हिरव्या. मिठाची बरणी शेगडीच्या उजव्या हाताला. चपला-बूट मागच्या दाराबाहेर काढायचे, आई अनवाणीच स्वयंपाक करायची. उठसूट पुरावा मागणाऱ्या माणसाने यातलं एक अक्षर तपासलं नाही. रिहर्सलला आले ते शीळ घालत. "साक्षीदार मिळाली," म्हणाले, आणि खरंच दोन दिवसांत भिंती उभ्या केल्या.

तिथे थांबता आलं असतं. पण आम्हाला चटक लागली. काका रंग आणायला गेले की मी त्यांचे मेल सगळ्यांना वाचून दाखवायचे. आधी दारं-खिडक्यांबद्दल असायचे, मग बायकोबद्दल येऊ लागले. तिच्या आमटीची चव आता आठवत नाही, हे कुणाला सांगू, असं एकदा त्यांनी लिहिलं. आमचा लेखक हसता हसता खुर्चीवरून घसरला. मीही हसले. लाज वाटत नव्हती, हे खरं ते सांगते.

प्रयोगाला दहा दिवस उरले आणि काकांनी जाहीर केलं, "रजा मंजूर झाली. प्रयोग झाला की मी एल्सीबाईंना भेटायला जातोय. तिकीट काढलं."

तेव्हा सांगायला हवं होतं. पण दार बसवायचं होतं, खिडकी रंगवायची होती. सांगितलं असतं तर हा माणूस ब्रश टाकून निघून गेला असता. दुःखाने माणूस काम सोडत नाही, अपमानाने सोडतो, एवढं मला बरोबर कळत होतं. म्हणून मी एल्सीच्या भाचीच्या नावाने दोन ओळी लिहिल्या: मावशी रविवारी झोपेतच गेली. तुमची फार आठवण काढायची.

काकांनी खिडकी रंगवली. दारही बसवलं.

प्रयोगाच्या दिवशी नटराजपूजन झालं. मी नारळ हातात घेतला तेवढ्यात काका पुढे आले. "जरा थांब. जिच्यामुळे हे घर उभं राहिलं, तिच्यासाठी दोन मिनिटं उभे राहू या." आम्ही चौदा माणसं माना खाली घालून उभे राहिलो. लेखकाने तोंडात रुमाल कोंबला होता. काकांना वाटलं तो रडतोय, त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

पडदा उघडताच सेटला टाळ्या पडल्या. मला वाटलं, संपलं, आता तिकीट रद्द करतील. पण ते गेले. तिच्या थडग्यावर फुलं ठेवायला गेले.

तीन आठवड्यांनी हत्यारं न्यायला गॅरेजात आले. करवत, ड्रिल, पट्ट्या, एकेक करून खोक्यात भरली.

"दफनभूमीत नाव सापडलं नाही," ते म्हणाले. "लायब्ररीतल्या बाईंना आपल्या सेटचा फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, दाराबाहेर बूट? आमच्याकडे असं कुणी करत नव्हतं."

खोकं बंद करून ते माझ्याकडे वळले.

"तूच ना?"

"हो."

आता शिव्या घालतील असं वाटलं. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खोकं उचललं.

"असू दे. कुणीतरी विचारत होतं, मी सांगत होतो. पण तिला मारायला नको होतंस गं."

"चहा टाकू का, काका?" एवढंच माझ्या तोंडातून आलं. ते तोवर गाडीत बसले होते.

महिन्याभरात त्यांनी फ्लॅट सोडला. कुठे गेले, मंडळात कुणाला माहीत नाही. चौकशी करावीशी वाटते. पण कुठल्या तोंडाने करू?