सागाची सावली

माझ्या बायकोला माझं सगळं माहीत आहे. मी झोपेत काय बरळतो, डॉक्टरनं नाही म्हटल्यावरही चोरून कुठे जिलेबी खातो, सगळं. पण गच्चीवरच्या जुन्या लोखंडी कूलरच्या पोटात काय आहे, ते मात्र तिला माहीत नाही. दर उन्हाळ्यात ती म्हणते, "द्या न तो डबडा भंगारवाल्याले." दर उन्हाळ्यात मी तिच्यावर खेकसतो. तिला बिचारीला वाटतं, याचा जुन्या वस्तूंवर जीव आहे. जीव! तो कूलर रस्त्यावर उघडा पडला तर माझं काय होईल, या भीतीनं मी त्याला धरून बसलोय. तिला सांगितलं नाही, आई वारली, तिलाही शेवटपर्यंत सांगितलं नाही. तुम्ही माझे कोणी लागत नाही — म्हणून तुम्हाला सांगणं जमेल बहुतेक.

मी कारंज्याचा. घाडग्यांचं कारंजा, नागपूर–अमरावती हायवेवरचं. घरी धान्याचा धंदा, पण मला तराजूपेक्षा सोल्डरिंगच्या धुराची गोडी, म्हणून रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. दिनूचा टीव्ही एक वेळ बंद राहील, पण दिनूचं तोंड नाही — असं बाजारात म्हणायचे. खरंच होतं ते. गिऱ्हाईक आलं की आधी गप्पा, मग स्क्रू-ड्रायव्हर. हे एवढ्यासाठी सांगतो, की उद्या तुम्ही म्हणाल, माणूस मुखदुर्बळ असेल, बोलता आलं नसेल. नाही हो. बोलता येत होतं. चांगलं फाडफाड येत होतं.

गोष्ट दोन हजार सालानंतरची. मोबाइल नवे होते, रेंजसाठी लोक गच्चीवर चढायचे. तेव्हा नागपूरच्या एका कॉलेजातल्या वैशाली मॅडम माझ्या दुकानात आल्या. आमच्या मागच्या जंगलात त्यांना एक प्रयोग करायचा होता. पाणवठ्याच्या आजूबाजूला झाडांमधून छोट्या छोट्या डब्या लावायच्या. डबीत सर्किट, सेल आणि एक लहानसा अँटेना. हवा किती तापली, ओलावा किती, समोरून जनावर गेलं का, हे ती डबी टिपणार आणि बिनतारी शेजारच्या डबीला कळवणार. ती पुढच्या डबीला. पंगतीत ताट हातोहात पुढे जातं तशी बातमी जंगलातून जंगल खात्याच्या नाक्यावरच्या कॉम्प्युटरपर्यंत येणार. माणसानं तिथं बसून जनावरांना बुजवायचं नाही, आणि तरी कळायचं — उन्हाळा चढतो तशी सांबरं, रोही, रानडुकरं जागा कशी बदलतात. मला तर वेडच लागलं. आयुष्यभर लोकांचे मिक्सर उघडले होते, आता जंगलाचं पोट उघडून बघायला मिळणार!

डब्या मी जोडल्या. मनापासून जोडल्या, त्यात खोट नव्हती. खोट पुढे आहे.

मॅडमच्या आराखड्यात प्रत्येक डबी लोखंडी खांबावर होती, वर पांढरी टोपी. ऊन थेट लागू नये म्हणून. मी ते बघून हसलो. हो, हसलो, त्यांच्या विद्यार्थ्यांसमोर. म्हटलं, "मॅडम, एवढं जंगल उभं आहे न, छत्र्या कायले पाहिजे? सावलीचं माह्यावर सोडा. मी इथलाच आहे." त्यांनी विचारलंही, नक्की ना? मी म्हणालो, या जंगलात लहानाचा मोठा झालो, इथल्या झाडांची टेंभरं खाऊन. आणि मी साग निवडले. का? सरळ खोड, खाण्याजोगं फळ नाही म्हणून माकडांची वर्दळ कमी, आणि पानं — सुपाएवढी. दिवाळी नुकतीच झाली होती. सागाखाली भर दुपारी अंधारून यायचं. मॅडमनी खांबांचं काम रद्द केलं. शहरातल्या शिकलेल्या बाईनं माझं ऐकलं, म्हणून मी महिनाभर छाती काढून फिरलो.

तुम्ही विदर्भातले असाल तर एव्हाना कपाळावर हात मारला असेल.

थांबा. आधी सोमाजीबद्दल सांगू द्या. त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

सोमाजी गवळी. माझ्याहून वयानं बराच मोठा. पांढऱ्याशुभ्र गवळाऊ गाईंचा कळप, तोच त्याचा संसार. उन्हाळ्यात गावाकडचं पाणी आटलं की तो कळप घेऊन जंगलातल्या वाटेनं पलीकडच्या नाल्यावर जायचा. त्याच्या बापाच्याही आधीपासूनची वाट. जंगल खातं तोंडी परवानगी द्यायचं, दर वर्षी नव्यानं, आणि ती वाट मिळाली तरच त्याचा कळप उन्हाळा काढायचा. माझ्याकडे तो रेडिओ घेऊन यायचा. बिघडलेला नसला तरी यायचा. काऊंटरवर कोपर टेकून म्हणायचा, "काऊन गा दिनू, दुबळा होऊन राह्यला? ताक पेत नाई का?" आणि लोटा पुढे सरकवायचा. आम्ही डब्या लावत होतो तेव्हा त्याची बायको, गिरजाबाई, आम्हा सगळ्यांसाठी ताक घेऊन आली होती. मॅडमनी तिला डबी दाखवली. ती म्हणाली, "बाप्पा! म्हणजे झाडं आता चुगल्या करतीन." सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो.

थंडीभर डब्या छान बोलल्या. होळी झाली आणि एक गप्प झाली. मग दुसरी. मधली एक गेली की तिच्या मागच्या सगळ्या मुक्या व्हायच्या, बातमी पुढे द्यायला कोणी नाही न. मॅडमचा फोन आला, जरा बघून या. मी टाळलं, लग्नसराईचं निमित्त सांगितलं. मग एका दुपारी गेलो.

जंगलात शिरलो आणि पाय थबकले. सावलीच नव्हती. साग उभे होते, नुसते खराटे. खाली वाळक्या पानांचा ढीग, पाऊल टाकलं की कडाकड आवाज. वर आभाळ लख्ख, आणि त्या नागड्या खोडांवर माझ्या डब्या विदर्भातल्या चैत्राच्या उन्हात भाजत होत्या. प्लास्टिक वाकडं झालेलं. सेल फुगून फुटलेले, त्यांचं पाणी सर्किटवर सांडून हिरवं पडलेलं. साग उन्हाळ्यात पानं टाकतो! हे मला कोणी शिकवायला हवं होतं? आमच्याकडचं शेंबडं पोरगंही हे जाणतं. मी जाणत होतो. लहानपणापासून दर उन्हाळ्यात बघितलं होतं. पण शहाणपणा दाखवायच्या नादात — काय म्हणू? — माझ्या डोळ्यांसमोर दिवाळीचं जंगल होतं, आणि तेच बारा महिने राहील असं मी धरून चाललो. बाहेरच्या माणसाकडून ही चूक झालीच नसती. त्यानं विचारलं असतं. मी इथला होतो, मी कोणाला विचारणार?

तिथं उभ्या उभ्या मला ऐकू यायला लागलं, लोक काय म्हणतील ते. इथला म्हणे! टेंभरं खाऊन मोठा झाला म्हणे! विद्यार्थी हसतील. मॅडम हसणार नाहीत, ते तर आणखी वाईट.

दूर नाल्याकडे गाईंच्या गळ्यातल्या घाटी वाजत होत्या.

मी फुटलेल्या डब्या काढल्या. एकेक काढून पिशवीत टाकली. घरी आलो, गच्चीवर गेलो, बिघडलेल्या कूलरची मागची जाळी उघडली आणि सगळ्या आत कोंबल्या. खाली येऊन हात धुतले. मॅडमना फोन केला. म्हणालो, डब्या चोरीला गेल्या.

हे झालं माझं खोटं, पण अजून मी मुद्द्यावर आलो नाही. तुम्ही म्हणाल, केवढंसं खोटं. मीही तेव्हा तेच म्हणालो.

 मॅडम म्हणाल्या, गावातल्या लोकांना आपण नीट समजावून सांगितलं नसेल, चूक आपलीच. पण डब्या सरकारी परवानगीनं लागल्या होत्या, त्यामुळे नाक्यावरच्या साहेबांना चौकशी करणं भाग होतं. त्यांनी मला बोलावलं. चहा दिला. सहज विचारलं, तुम्ही गेलात तेव्हा तिकडे कोणी होतं का?

मी सोमाजीचं नाव घेतलं नाही. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल! नाव घेतलं नाही, नाव घेतलं नाही. एवढंच म्हणालो, "कोणी दिसलं नाही जी. गाई चरत होत्या."

त्या दिवशी बोललेलं हे एकच वाक्य खरं होतं. आणि तेच सगळ्यात वाईट होतं. त्या जंगलात गाई कोणाच्या असणार? साहेबांनी मान हलवली, मी चहा संपवला. कोणाला फासावर द्यायचं तर खोटंच बोलावं लागतं असं थोडंच आहे?

सोमाजीला सकाळी नाक्यावर नेलं. दुपारी गिरजाबाई दुकानात आली. उन्हातून चालत आली होती, पदर डोक्यावर ओढलेला, ओठ सुकलेले. म्हणाली, "दिनूभाऊ, यायले बसवून ठेवलं जी तिथं. मारलं म्हणते कोणी. तुमी चाला न. तुमचं आयकते साहेब. यायनं कधी कोणाच्या काडीले हात लावला का, सांगा तुमी." मी म्हणालो, तू घरी जा वहिनी, मी आत्ता निघतो. तिच्यासमोर दुकानाचं शटर ओढलं, मोटरसायकलला किक मारली. हायवेच्या वळणापर्यंत गेलो. तिथून डावीकडे नाका. मी उजवीकडे वळलो. एका ढाब्यावर खाटेवर बसलो आणि ट्रक बघत राहिलो. जाऊन काय सांगणार होतो? खरं सांगितलं तर मी मेलो. आणि खोटं सांगायलाही गेलो नाही! नुसतं 'तो चांगला माणूस आहे' एवढं म्हणायला काय जात होतं माझं? तेवढीही हिंमत झाली नाही. वाटलं, मी त्याची बाजू घेतली तर साहेब विचारतील, मग कोणी नेल्या? ऊन उतरेपर्यंत बसलो आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी त्याला सोडलं. घरात काही सापडलं नाही, त्याला डांबून तरी काय करणार?

आता ऐका. हे मी कधी स्वतःशीही मोठ्यानं बोललो नाही.

सोमाजी नाक्यावरून सुटला आणि घरी जाऊन तसाच माझ्या दुकानात आला. गाल सुजलेला होता. हातात तुपाचा डबा. काऊंटरवर ठेवला, आणि माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, "गिरजीनं सांगतलं मले. तू गेलता म्हणून सोडलं गा त्यायनं, नाई त काई खरं नवतं. तुहे उपकार कसे फेडू मी?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तोंड उघडायची वेळ होती ती. दुकानात आम्ही दोघंच होतो. तो रागावला असता, फार तर मारलं असतं, मारायलाच पाहिजे होतं. पण त्याच घडीला नाक्यावर जाऊन सगळं निस्तरता आलं असतं.

मी म्हणालो, "जाऊ दे न गा. आपला माणूस आहे तू. तुह्यासाठी एवढंही नाई करणार का?"

तूप घरी नेलं. आईनं पोळीवर घालून वाढलं. मी खाल्लं.

त्या वर्षी त्याला जंगलातली वाट मिळाली नाही. त्याच्यावर काही सिद्ध झालं नव्हतं, पण परवानगी तोंडीच होती — नाही म्हणायला कोणाला कारण लागतं? पुढच्या वर्षीही नाही मिळाली. नाल्याचं पाणी तिथंच होतं, गाई इकडे तहानलेल्या. त्यानं त्या बाजारात नेल्या, दोन-दोन करून. शेवटच्या जोडीच्या वेळी म्हणे तो दोर सोडायलाच तयार नव्हता, घेणाऱ्यानं बोटं सोडवली. मी नव्हतो तिथं. मी तेव्हा मॅडमच्या नव्या डब्या जोडत होतो. या वेळी लोखंडी खांब होते, वर पांढरी टोपी. त्या कित्येक वर्षं छान चालल्या. मॅडम सगळ्यांना सांगायच्या, दिनकरभाऊ नसते तर हे काम झालंच नसतं. मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

सोमाजी आता हायवेवरच्या ढाब्यावर असतो. मी त्या दुपारी बसलो होतो, त्याच ढाब्यावर. आलेले ट्रक रांगेत लावायचं काम करतो. हात वर करून ओरडतो, "हो, हो, हो… थांब, थांब रे राजा," अगदी गाईंना ओरडायचा तसंच. ड्रायव्हर हसतात. गिरजाबाई गेली. जाताना तिनं त्याला सांगितलं होतं म्हणे, दिनूभाऊले इसरू नको.

तुम्हाला सांगतोय, त्याला नाही. हेही ध्यानात ठेवा. तो रोज माझ्यापासून हाकेच्या अंतरावर असतो, आणि मी तुम्हाला सांगतोय.

माझी गाडी दिसली की तो ट्रक तसाच सोडून धावत येतो. खाट झटकतो, मला बसवतो आणि आत ओरडून सांगतो, "ए, याच्या चहात पाणी टाकजो नको. नुसत्या दुधाचा कर. यानंच सोडवलतं मले." आणि चहा येईपर्यंत माझ्याकडे बघत उभा राहतो.

मी तो चहा पितो.