नवरीच्या लिपस्टिकचा डाग

माझी बदली पुण्याहून गुडगावला झाली तेव्हा बायको शाळेतली नोकरी सोडून माझ्याबरोबर दिल्लीतल्या द्वारकेला आली. पहिली दोन वर्षं ती घरात कंटाळायची आणि मी तिची समजूत काढायचो. त्यात मला थोडं बरंही वाटायचं, हे आज कबूल करतो. मग तिने ब्रायडल मेकअपचा कोर्स केला, आणि वर्षभरात सोसायटीत माझी ओळख 'मेकअपवाली मैडम के हज़्बंड' अशी झाली.

शनिवारी नवऱ्या मुली ट्रायलला यायच्या, सोबत आया आणि मैत्रिणी. सगळ्या आमच्या फिक्या बदामी सोफ्यावर बसायच्या. त्या गेल्या की सोफ्यावर फाउंडेशन, काजळाची बोटं, लिपस्टिक. बायको ब्रश धुवायला बसायची आणि डाग मी काढायचो. कुणी सांगितलं नव्हतं. घरात मला जमणारं असं काहीतरी मला हवं होतं. फाउंडेशनवर आधी कॉर्नफ्लोअर भुरभुरायचं, त्याने तेल ओढून घेतलं की झटकायचं, मग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून पांढऱ्या फडक्याने कडेकडून आत टिपत यायचं. घासायचं मात्र नाही.

त्या मार्चमध्ये ऑफिसात माझ्या हाताखालच्या मुलाला प्रमोशन मिळालं, मला नाही. त्याच आठवड्यात बायकोला जयपूरच्या लग्नाचं बोलावणं आलं. विमानाच्या तिकिटासकट.

"तुला आनंद नाही झाला?" तिने विचारलं.

"झाला ना," मी म्हणालो.

ती जयपूरहून परतणार होती त्या रविवारी मी फरशीवर बसून आधीच्या ट्रायलची सोफ्यावर राहिलेली लिपस्टिक टिपत होतो. बेल वाजली. दारात एक बाई आणि त्यांची मुलगी.

"भैया, मैडम हैं?" माझ्या हातातल्या ओल्या फडक्याकडे बघत बाईंनी विचारलं.

"मैडम आजकल नई बुकिंग नहीं ले रहीं," मी म्हणालो. तोंडातून कसं निघालं, कळलंच नाही. मुलीचा चेहरा पडला. "मुझे तो बस उन्हीं से करवाना था," ती आईला म्हणाली. मी दार लावलं.

लिफ्ट खाली जाईपर्यंत मला छान वाटलं. मग मी परत डागापाशी बसलो आणि रागारागाने तो घासत सुटलो. बोटाएवढा डाग तळहाताएवढा झाला.

संध्याकाळी बायको आली. बॅग ठेवते न ठेवते तोच तिचा फोन वाजला. "नहीं जी, बुकिंग तो ले रही हूँ," ती म्हणाली. "किसने कहा?" आणि तिने माझ्याकडे पाहिलं. बाईंनी शेजारणीकडून नंबर मिळवला होता.

फोन ठेवून तिने एवढंच विचारलं, "का?"

"मला तुझा हेवा वाटतो."

ती सोफ्याच्या कडेवर टेकली. "मलाही वाटायचा," ती म्हणाली. "रोज सकाळी तू डबा घेऊन निघायचास तेव्हा. दोन वर्षं. पण तुझ्या ऑफिसचा फोन आला तर तू घरी नाहीस असं मी कधी कुणाला सांगितलं नाही."

मी तिची बॅग उचलून आत नेली.

पुढच्या शनिवारी ती मुलगी आली. दार मीच उघडलं आणि तिच्या आईची माफी मागितली. त्यांनी मला ओळखलं आणि मान हलवून त्या आत आल्या. दोन तासांनी मुलीने आरशात पाहिलं आणि बायकोच्या गळ्यात पडली. मी उगाचच फडकं आणायला आत गेलो.

त्या गेल्यावर मी बायकोला म्हणालो, "आत्ता परत तुझा हेवा वाटला."

"बरं," ती ब्रश पुसत म्हणाली. "निदान सांगितलंस. चल, आता चहा टाक."