फरशीखालचा गुंता

परवा सुनेने साडीसाठी खळ शिजवली आणि त्या वासासरशी सोलापुरातला आमचा विणकरांचा बोळ आठवला. मी तेव्हा नवी नवरी होते. पाऊस थांबला तरी बोळातलं पाणी हटेना. ते उंबरा ओलांडून आलं आणि विणताना पाय सोडायचा मागाखालचा खड्डा भरून गेला. मागावरची साडी भिजायला वीतभरच उरलं होतं. सासूबाई आणि मी पाय पोटाशी घेऊन बाजेवर अडकलेल्या. "मेला गटारी साफच करत न्हाय!" त्या झाडूवाल्याच्या नावाने बोटं मोडत होत्या. तेवढ्यात तोच पाण्यातून आला. दारापुढच्या गटारीवर आम्ही चुन्यात पक्की बसवलेली फरशी त्याने पहारीने उचकटली, खांद्यापर्यंत हात घातला आणि खळीचा वास मारणारा सुताचा भलामोठा गुंता ओढून काढला. "ह्यानं तुंबलं हुतं की, बाई." गुंता डाळिंबी होता. ते सूत बोळात फक्त आमच्याकडे होतं, आणि मागाखालचा केर फरशीच्या फटीतून रोज मीच ढकलत होते. सासूबाईंनी गुंत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्यालाच म्हणाल्या, "इतके दिस काय झोपला हुतास?" त्याने गुंता खांद्यावर टाकला आणि तो पुढे निघून गेला. पाणी घटकेत उतरलं. मी मात्र बाजेवरच बसून राहिले, आणि अजून खळीचा वास आला की माझे पाय वर ओढले जातात.